चौथ्या डब्यातलं रीळ

मंगळवार, ८ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. हे पत्र बसून वाच. कोणी आजारी वगैरे नाही, पण आमचा चित्रपट पडला.

शुक्रवारी लागला आणि रविवारपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी तिन्ही दिवस वेगवेगळ्या थिएटरांत तिकीट काढून मागच्या रांगेत बसले. शनिवारी दुपारच्या खेळाला लोक किती वेळा हसले ते वहीत टिपलं. अकरा वेळा. त्यातले चार वेळा ते तिसऱ्या रांगेत घोरणाऱ्या एका गृहस्थांना हसले, तेव्हा खरं तर सातच. लोक आले होते चित्रं चोरणाऱ्या चोरांची फजिती बघायला. बाहेर पडताना एक बाई नवऱ्याला विचारत होत्या, "ते चित्र खोटं आहे हे आपल्याला आधीच सांगितलं होतं, मग पुढची वीस मिनिटं आपण काय बघत होतो?" नवरा म्हणाला, "तू बघत होतीस. मी गाडी कुठे लावली ते आठवत होतो."

दिग्दर्शक रोज सकाळी संकलनाच्या खोलीत येतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात आणि काही बोलत नाहीत. हा त्यांचा पहिलाच विनोदी चित्रपट. आधीच्या तिन्ही चित्रपटांत शेवटी माणसं मरतात आणि ते लोकांना आवडलं होतं. आमच्या संकलक बाई, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकते, दिग्दर्शकांकडे पाठ करून काम करत राहतात. काल ते एकदाच बोलले. म्हणाले, आता हे पुरे, भावाच्या फर्निचरच्या दुकानात बसेन.

मला सारखं वाटतंय की यात माझं काहीतरी चुकलं आहे. काय, ते सांगता येत नाही. माझं काम ते काय, रिळं मोजायची, फिल्मचे सांधे तपासायचे, डब्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या. बारा प्रती, प्रत्येकी सात रिळं, म्हणजे चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या मी एकटीने लिहिल्या, तू शिकवलंस तशा, आकडा अंकात आणि अक्षरांतही. तुझ्या थिएटरला आलेल्या प्रतीवरही माझंच अक्षर आहे.

तुझ्याकडे कसा चाललाय ते खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी भाची


शुक्रवार, ११ मार्च

शंकासुरा,

बसून वाचलं. प्रोजेक्टर चालू असताना मी तशीही बसलेलीच असते.

तिथल्या लोकांचं काय बिनसलंय ते मला माहीत नाही. इथे लोक हसताहेत. समोरच्या शिंपीणबाई तिसऱ्यांदा येऊन गेल्या आणि येताना दर वेळी वेगळी नणंद आणतात. आमचा दारावरचा म्हातारा एकतीस वर्षांत कुठल्याही चित्रपटाला हसलेला मी पाहिला नाही, तो हल्ली पडदा बाजूला करून आत डोकं घालतो. मालक म्हणाले, अजून आठवडाभर ठेवू. मी म्हटलं, माझ्या भाचीने चिठ्ठ्या लिहिल्यात, न चालून जाईल कुठे.

तुझं काही चुकलेलं नाही. उलटच आहे. याहून जास्त लिहीत नाही, पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मी काय म्हणते ते तुला कळलंच असेल.

तुमच्या दिग्दर्शकांना सांग, फर्निचरच्या दुकानात खुर्च्या पुष्कळ असतात, पण बसलेल्या माणसाला गिऱ्हाईक उठवतं.

जेवत जा. मागच्या खेपेला मनगट पाहिलं तुझं, त्यावर घड्याळ फिरत होतं.

आत्या


सोमवार, १४ मार्च

प्रिय आत्या,

"उलटच आहे" म्हणजे काय? मला काहीच कळलेलं नाही. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की आता तिचा काहीच अर्थ लागत नाही.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवत होते. दिग्दर्शक कोपऱ्यात आहेत हे मी विसरले होते, ते इतके गप्प असतात. त्यांनी हात पुढे केला. पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. परत माग असं बाईंनी खुणेने सांगितलं, पण मला धीर झाला नाही. आता ते सारखं ते खिशातून काढून वाचतात. फर्निचरच्या दुकानाचं नाव त्यांनी तेव्हापासून घेतलेलं नाही.

म्हणून मला भीती वाटते. तू शाळेच्या नाटकातही असंच केलं होतंस. मी मधेच सगळं विसरून उभी राहिले आणि तू घरी म्हणालीस की लोकांना वाटलं, ते नाटकातच होतं. पुढे चार वर्षांनी मला खरं कळलं. आताही तू माझं मन राखायला लिहिलं असशील तर ते खोटं एक माणूस खिशात घालून फिरतो आहे. नऊ थिएटरांतून चित्रपट उतरला. तुझ्याकडेच तेवढा चालतो, हे कसं?

रागावू नकोस, पण कुठल्या रिळाला, कुठे आणि किती हसतात ते नीट लिही.

तुझी भाची


गुरुवार, १७ मार्च

शंकासुरा,

रागावले आहे. मी खोटं बोलते, पण मोजण्यात नाही. घे, काल दुपारच्या खेळाचं लिहिते.

पहिली तीन रिळं लोक गालातल्या गालात हसतात, त्याचं काही विशेष नाही. मग तो चोरांचा म्होरक्या आरशासमोर उभा राहून ती झुपकेदार मिशी भादरतो आणि चोरीला निघतो. तिथून सगळे गप्प. बूट वाजतात म्हणून तो ते काढून हातात घेतो आणि संग्रहालयाच्या गुळगुळीत फरशीवर मोज्यांनी घसरत घसरत त्या चित्रापर्यंत जातो. खुर्चीत झोपलेल्या जाड्या गृहस्थाचं चित्र ते. लोक श्वास धरून बसतात, जणू खुर्चीतला तो माणूस जागा होईल. चित्र घेऊन चोर बाहेर पडतात आणि मध्यंतर. बाहेर लोक वाद घालतात, पकडतील की नाही.

मध्यंतरानंतर तिथल्या पहारेकऱ्याचं घर. खाट, खाटेवर पहारेकरी झोपलेला, आणि वर भिंतीवर तेच चित्र. क्षणभर कोणालाच काही कळत नाही. मग शिंपीणबाई म्हणतात, "अग बाई, खरं चित्र तर इथे टांगलंय," आणि लोक सगळं थिएटर डोक्यावर घेतात. पहारेकऱ्याने बहिणीकडून नक्कल काढून घेऊन केव्हाच बदललेलं, आणि चोरांनी जीव धोक्यात घालून नेली ती नक्कल. इतक्यात दार वाजतं. विजेचं मीटर बघणारा म्हणून म्होरक्या आत येतो, त्या सगळ्या मिशीसकट. आपल्या डोळ्यांदेखत भादरलेली मिशी, केस न केस जागच्या जागी. स्वतःच्या मिशीची खोटी मिशी लावून आलेला चोर मी आयुष्यात पाहिला नव्हता. पहारेकऱ्याला संशय आलाय का बघायला येतो, खऱ्या चित्राखाली बसून पाणी पितो आणि मान वर करत नाही. पुढच्या रिळात मिशी पुन्हा गायब. तिथे टाळ्या पडतात.

ही मिशीची कल्पना कुणाची, ते मला कळव. शिंपीणबाई विचारत होत्या.

झालं समाधान?

आत्या


रविवार, २० मार्च

प्रिय आत्या,

मिशीची कल्पना कोणाचीच नाही.

खरा चित्रपट असा आहे. चौथ्या रिळात म्होरक्या चोरीआधी टेहळणीला, मीटर बघायच्या निमित्ताने, पहारेकऱ्याच्या घरी जातो. तेव्हा त्याची मिशी त्याचीच असते, कारण ती त्याने अजून काढलेलीच नसते. खरं चित्र पहारेकऱ्याकडे आहे हे लोकांना तिथेच कळतं. मग मध्यंतर. मग पाचव्या रिळात तो मिशी काढतो आणि नक्कल चोरतो. दिग्दर्शकांना वाटलं होतं की आपल्याला माहीत असलेलं चोरांना माहीत नाही, याचं हसू येईल. नाही आलं.

तू चौथ्याच्या जागी पाचवं रीळ लावते आहेस. मी पत्र वाचून आधी नोंदवही काढली, तीत क्रम बरोबर आहे. चुकलं असेल ते माझ्या चिठ्ठीतच. पण आत्या, रिळाच्या तोंडाशी आकडा छापलेला असतो. तो तू पाहिला नाहीस असं होणं शक्य नाही. मग तू तसं का लावलंस?

आणि आता सगळ्यात वाईट. दिग्दर्शक तुझ्याकडे येणार आहेत, सत्तावीस तारखेला, रविवारी दुपारच्या खेळाला. त्यांना हसणारी माणसं बघायची आहेत. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, बाईंनाही नाही. त्यांच्यासमोर रिळं बरोबर लागली तर कोणी हसणार नाही, आणि तुझं पत्र खोटं होतं असं समजून ते दुकानात जाऊन बसतील. चुकीची लागली तर त्यांना त्याच मिनिटाला कळेल, आणि ही जागा, जी मला तीन वर्षं खेटे घालून मिळाली, ती गेली. ज्या मुलीला चार आणि पाच लिहिता येत नाहीत तिला कोण ठेवेल?

तू रविवारच्या आत रिळं बरोबर कर. किंवा करू नकोस. मला खरंच कळत नाही. तूच सांग.

तुझी भाची


मंगळवार, २२ मार्च

शंकासुरा,

छापलेला आकडा मी पाहिला होता. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवू, आता सगळं लिहिते.

पहिल्या शुक्रवारी पहिल्या खेळाला मी छापल्याप्रमाणेच लावलं. डब्यावर तुझ्या अक्षरात चार, आत रिळावर पाच. म्हटलं, वाटेत कोणी डबे उघडून अदलाबदल केली असेल. त्रेचाळीस माणसं होती, मध्यंतरानंतर एकोणीस उरली. कोणी हसलं नाही. दारावरचा म्हातारा वर आला, म्हणाला, "पोरीचा चित्रपट ना हा?" आणि खाली गेला. हे मी तुला लिहिलं नव्हतं. तू म्हणालीस ते खरं, थोडं मन राखलं.

दुसऱ्या खेळाआधी दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसले. तुझं अक्षर ओळखीचं. अंकात चार, अक्षरांत चार, कुठे खाडाखोड नाही. तुला मी काय शिकवलं होतं? छापणारं यंत्र चित्रपट बघत नाही, चिठ्ठी लिहिणारा बघतो. दोन्हींत फरक पडला तर हाताचं खरं धरायचं. आपल्या घरात तुझ्या आजोबांपासून हेच चालत आलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, पोरीच्या लक्षात आलंय की हे उलटं हवं, तिथे तिला कोणी बोलू देत नाही, म्हणून तिने माझ्यापुरतं डब्यावर लिहून पाठवलं. मला इतका अभिमान वाटला की केबिनमध्ये एकटीच हसत बसले. तुझ्या हाताप्रमाणे लावलं आणि लोक हसले. "तुला कळलंच असेल" ते याचसाठी लिहिलं होतं.

आता तू म्हणतेस, चूक. मग मी अडीच आठवडे एका चुकीची पाठ थोपटत होते का? की चूक नव्हती आणि तू घाबरून तिला चूक म्हणते आहेस? मला विचारशील तर मला ठरवता येत नाही, आणि हे माझं नेहमीचं नाही.

रविवारी काय लावायचं ते मी सांगणार नाही. त्यांना तू सांगायचं, ते गाडीत बसायच्या आधी, तोंडाने, चिठ्ठीने नाही. न सांगता आले तर मी सांगेन, आणि ते तुला जास्त लागेल.

आत्या


शुक्रवार, २५ मार्च

प्रिय आत्या,

सांगितलं.

काल जिन्यात गाठलं त्यांना. काय बोलायचं ते नऊ वेळा पाठ केलं होतं आणि ऐन वेळी तोंडातून भलतंच गेलं. मी म्हणाले, "साहेब, मिशी परत आली." त्यांना मिशी नाही. ते बराच वेळ वरच्या ओठाला बोट लावून माझ्याकडे बघत राहिले. मग मी पहिल्यापासून सांगितलं, डबा, चिठ्ठी, तुझा पहिला खेळ, दुसरा खेळ, शिंपीणबाई. ते पायरीवर बसले. मी उभीच होते, मग तेही बरं दिसेना, म्हणून दोन पायऱ्या खाली बसले.

मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी एकच विचारलं, "चूक होती, की तुला तसं वाटलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तू विचारलंस तेव्हाही आलं नव्हतं. मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते. चिठ्ठ्या लिहिल्या त्या दिवशी सकाळी मी बाईंना म्हणाले होते की चोरी आधी आणि पहारेकऱ्याचं घर नंतर असं असतं तर. बाई म्हणाल्या, डबे लिही. मी लिहायला बसले. अकरा प्रतींवरच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत, थिएटरांतून परत आलेल्या मी काल सगळ्या तपासल्या. फक्त तुझ्या प्रतीवर चाराच्या जागी पाच आणि पाचाच्या जागी चार. तुझी प्रत मी शेवटी लिहिली. हात दुखत होता आणि तुझी केबिन डोळ्यांसमोर होती, याखेरीज काही आठवत नाही. दमून चुकलं म्हणावं तर बाकी पाच डबे बरोबर कसे? मुद्दाम केलं म्हणावं तर मला माहीत कसं नाही?

ते रविवारी येणारच आहेत. म्हणाले, आत्यांना सांग, माझ्या क्रमाने लावा. म्हणजे मी येण्याआधी काही ठरवलं असं होणार नाही. बाईंना सोमवारी आपण दोघं मिळून सांगू असंही म्हणाले. मी पेन, रूळ आणि माझा कप एका पिशवीत भरून ठेवला आहे.

तुझी भाची


रविवार, २७ मार्च

शंकासुरा,

आत्ताच गेले. हातासरशी लिहिते.

मला वाटलं होतं मोठा रुबाबदार माणूस येईल. आले ते तिकिटाच्या रांगेत उभे होते. म्हाताऱ्याने ओळखून आत घेतलं तर म्हणाले, रांग आहे ना. सातव्या रांगेत शिंपीणबाईंच्या शेजारी बसले. त्यांनी सांगितलं तसं मी छापलेल्या आकड्यांप्रमाणे लावलं. तिसरं संपलं आणि पहारेकऱ्याचं घर आलं. निम्मी माणसं आधी पाहून गेलेली. कुजबुज सुरू झाली, मग खुर्च्या करकरायला लागल्या, आणि शिंपीणबाई उभ्या राहून केबिनकडे तोंड करून म्हणाल्या, "रीळ चुकलंय हो. मागचं पुढे लावलंय." मागून कोणी म्हणालं, केबिनमधल्या बाईंचं वय झालं आता. म्हातारा वर येऊन विचारतो, बरं वाटत नाही का तुम्हाला.

एकतीस वर्षांत माझ्या नावाने रीळ चुकल्याची ओरड झाली नव्हती. झाली ती बरोबर लावलं तेव्हा.

मध्यंतरात ते वर आले. मला वाटलं खचले असतील. पण माझीच माफी मागायला लागले, माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं म्हणून. मग म्हणाले, "पुढच्या खेळाला डब्यांप्रमाणे लावा." तोही खेळ बसून पाहिला. पाहिला म्हणजे काय, मिशी आली आणि हा माणूस खुर्चीत उलटा फिरून बसला, पडद्याकडे पाठ, आणि ते रीळ संपेपर्यंत लोकांच्या तोंडांकडे बघत राहिला. शिंपीणबाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

निघताना म्हणाले, हा चित्रपट माझा नाही असं वाटलं. आनंदाने म्हणाले की दुःखाने, ते मला कळलं नाही, आणि मी माणसं ओळखते असं मला आजवर वाटत होतं. तू त्यांना रोज बघतेस, तूच काय ते ठरव. तुला तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहेत. या खेपेला काहीतरी बोल. चुकीचं बोललीस तरी चालेल, गप्प राहू नकोस.

आत्या


गुरुवार, ३१ मार्च

प्रिय आत्या,

सोमवारी सगळं झालं, पण लिहायला आज बसते आहे, कारण झालं ते काय हे मला अजून नीट सांगता येत नाही.

बाईंना आम्ही सांगितलं. दिग्दर्शक निम्मं बोलले, निम्मं मी. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मत असेल तर तोंडाने सांगायचं. डब्यावर नाही." मी म्हटलं, त्या दिवशी सकाळी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "एकदा. आणि हळू. त्याला सांगणं म्हणत नाहीत." मग त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्यांची वही मागून घेतली आणि स्वतःच्या खणात ठेवली. यापुढे डबे मी लिहायचे नाहीत. मला वाटलं, झालं, पिशवी घ्यावी.

तेवढ्यात दिग्दर्शकांनी तेच विचारलं. चूक, की तसं वाटलं होतं?

मी म्हणाले, "त्या दिवशी काय झालं ते मला माहीत नाही. चूकच असेल. पण आज पुन्हा लिहायला बसवलंत तर तसंच लिहीन." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तुझी प्रत सोडली तर चित्रपट आता सगळीकडून उतरलाय, त्यामुळे हे ठरवून कोणाचा काही फायदाही नव्हता. मग दिग्दर्शकांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि माझ्या टेबलाशी आणून ठेवलं. बाईंच्या नाही, माझ्या. बसले आणि म्हणाले, "आणखी कुठे?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. पहिल्याच रिळात बदलायला हव्यात अशा दोन जागा आहेत, आत्या, आणि सहाव्यात एक मोठी. महिनाभर त्या माझ्या मनात आहेत आणि मी त्या तुलाही लिहिल्या नव्हत्या. मी सांगायला लागले. सहाव्यावर येईपर्यंत आवाज पार खाली गेला होता. बाई खिडकीकडेच बघत होत्या. वळल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मोठ्याने."

तुझी भाची